महापुरावर सहभागी नृत्यनाट्य बसवायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर ज्यांनी २०१९ आणि २०२१चा महापूर शाळा-कॉलेजच्या वयात पाहिला, ती मुलं आता नाटक करतात, नाचतात, स्पर्धांना जातात. त्यातल्या अनेकांना त्या पाण्याबद्दल काहीतरी करायचं असतं आणि सरळ रंगमंचावर उभं राहून सांगणं पुरेसं वाटत नाही. प्रेक्षक खुर्चीत बसलाय आणि आपण वर पूर दाखवतोय, यात काहीतरी खटकतं. मग कुणीतरी म्हणतं, प्रेक्षकांनाच आत घेऊ या. गोंधळ तिथून सुरू होतो, कारण आत घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं हे कुणी सांगत नाही.

सांगलीकडच्या एका गटाबरोबर असा प्रयोग उभा राहताना मी पहिल्यापासून होते. आधी नाचले, नंतर प्रेक्षकांची ने-आण सांभाळली. त्यातून कळलेलं सगळं इथे क्रमानं लिहिते आहे.

सहभागी नृत्यनाट्यात प्रेक्षक एका जागी बसून राहत नाही. तो चालतो, वस्तू हातात घेतो, एखादा निर्णय घेतो आणि त्यानं पुढचं काहीतरी बदलतं. शब्द कमी असतात, बहुतेक सगळं शरीरानं सांगायचं असतं. आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. प्रेक्षकाला आतून जाग यावी असं आपल्याला कितीही वाटलं, तरी ती आपण आणू शकत नाही. त्याच्यासमोर एक छोटा, खरा निर्णय ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. घ्यायचा की नाही हे त्याच्यावर सोडायचं.

१. एकच पूर आणि एकच गाव धरा

‘आपत्ती’ या विषयावर प्रयोग करू नका. भूकंप, पूर, करोना, युद्ध असं सगळं एकत्र केलं की कशाचंच काही उरत नाही. एक नदी धरा, एक वर्ष धरा, जमलं तर एकच आळी धरा.

गाव धरलं की भाषा आपोआप मिळते. सांगलीत पूर फुटात बोलला जातो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ला धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात हेच राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ला इशारा, ४३ला धोका, आणि २०१९ व २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५च्या वर. हे आकडे म्हणजे तुमच्या प्रयोगाचा ताल आहे. पस्तीस, अडतीस, चाळीस असं कुणीतरी नुसतं म्हणत गेलं तरी सांगलीच्या माणसाचं अंग ताठ होतं. वेगळं पार्श्वसंगीत शोधायला जाऊ नका.

पाण्याला एकाच रंगात रंगवू नका, हेही इथेच सांगते. नृसिंहवाडीला कृष्णा चढते तेव्हा पाणी दत्तमंदिरात एका बाजूनं शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्या दारात लोक श्रद्धेनं स्नान करतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्याच तालुक्यात, तेच पाणी आणखी चढलं की माणसं जनावरं घेऊन घर सोडतात. पाण्याला हात जोडणारा आणि पाण्यापासून पळणारा माणूस एकच असतो, कधी एकाच आठवड्यात. नाचणाऱ्याच्या शरीराला याच्याहून मोठं द्वंद्व काय मिळणार?

सावधान: पूर कशामुळे आला यावर प्रयोगातून निकाल देऊ नका. कोयना धरणाचा विसर्ग, अलमट्टी धरणाचा फुगवटा, पूरपट्ट्यातली बांधकामं, थोड्या दिवसांत कोसळलेला पाऊस, या प्रत्येकावर काठावरची माणसं पोटतिडकीनं भांडतात. तो वाद प्रयोगात येऊ द्या, पण पात्रांच्या तोंडून येऊ द्या. दिग्दर्शकानं न्यायाधीश झालं की प्रेक्षक निर्णय घ्यायचं सोडून टाळ्या वाजवतो किंवा उठून जातो.

२. माणसांकडे जा, पण अनुभव गोळा करायला जाऊ नका

पूर पाहिलेल्या माणसाकडे वही-रेकॉर्डर घेऊन गेलात तर तो वृत्तवाहिनीला सांगितलं तेच सांगेल. कितीतरी वेळा सांगून ते गुळगुळीत झालेलं असतं. त्याऐवजी हाताला काम असताना बोला. भांडी घासताना, गोठ्यात, दुकान आवरताना. ‘तेव्हा काय वाटलं?’ हा प्रश्न पूर्णपणे टाळा. ‘सगळ्यात आधी काय वर ठेवलंत?’, ‘परत आल्यावर पहिलं दार कुणी उघडलं?’, ‘चिखल कशानं काढला?’ असे प्रश्न विचारा. उत्तर देताना माणूस हात हलवून दाखवतो, आणि तुम्हाला तेच हात बघायचे असतात.

बोलण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: हे कशासाठी चाललंय, नाव येणार की नाही, आणि सांगितलेलं नंतर मागे घेता येईल. तिसरी गोष्ट लोक विसरतात. एखाद्या मावशी आज भरभरून बोलतील आणि पंधरा दिवसांनी म्हणतील, ‘ते सासूबाईंचं नको घालू बाई.’ मग ते काढायचं. कितीही चांगला प्रसंग असला तरी काढायचा. संमतिपत्र साध्या मराठीत एका पानाचं करा. ते वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

घरात कुणी गेलेलं असेल तर त्या घराकडे ओळखीच्या माणसाशिवाय जाऊ नका, आणि तो मृत्यू जसाच्या तसा दाखवू नका. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९मध्ये पुरातून माणसं नेणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. ती घटना सगळ्यांना माहीत आहे आणि तिथली कुटुंबं अजून तिथेच राहतात. ‘प्रेक्षकांना बोटीत बसवू या’ अशी कल्पना प्रत्येक नव्या गटात कुणीतरी मांडतंच. ती तिथल्या तिथे थांबवा.

३. आधी काय समजून घ्यावं

याला फार वेळ देऊ नका, पण तीन-चार गोष्टी माहीत असाव्यात.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर. त्यात प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंगाला वेगळं वळण देऊन पाहतो. मधे एक सूत्रधार असतो, त्याला जोकर म्हणतात. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेला जन संस्कृती हा गट हे काम गावोगाव करतो आहे. जर्मनीत वुपरटालला पिना बाउश यांनी १९७३पासून जे नृत्यनाट्य घडवलं, त्यातली एक गोष्ट लगेच उचलण्यासारखी आहे: त्या नर्तकांना स्टेप देण्याऐवजी प्रश्न देत, आणि उत्तरांतून रचना उभी करत. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर १९४३चा बंगालचा दुष्काळ आठवा. त्या काळात इप्टा या लोकनाट्य चळवळीचं मध्यवर्ती पथक मुंबईत अंधेरीला राहून काम करत होतं आणि शांती बर्धन यांनी तिथे समूहनृत्यं बसवली. संकट नाचातून मांडणं हे काही आपण पहिल्यांदा करत नाही आहोत.

सहभागाचं तर आपल्याकडे नवलच नाही. जागरण-गोंधळात घरचा यजमान विधीचाच भाग असतो. वारीत बघणारा कोण आणि नाचणारा कोण हे वेगळं काढता येत नाही. याचा थेट उपयोग करा. प्रेक्षकांना सगळ्यांनी मिळून एखादी हालचाल करायला लावायची असेल तर नवीन काही शिकवत बसू नका, वारकऱ्यांची पावली घ्या. ती बहुतेकांच्या पायात आधीच असते, आणि नसली तरी शेजारच्याकडे बघून मिनिटभरात येते.

४. हालचाल कामातून शोधा

पूर नाचायचा म्हटलं की नवखे दोन्ही हात लाटांसारखे हलवतात आणि निळं कापड फडकवतात. पहिल्या तालमीत ते करून घ्या, मोकळे व्हा आणि विसरून जा. पाणी दाखवायचं नाही. पाण्यानं माणसाला काय करायला लावलं ते दाखवायचं.

आमच्या प्रयोगातली सगळ्यात चांगली रचना वाकळेतून, म्हणजे जुन्या कपड्यांच्या जाड गोधडीतून आली. पूर ओसरल्यावर घरोघरी वाकळा धुवायला काढतात. चिखलानं भरलेली ओली वाकळ एका माणसाला पिळता येत नाही. एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, दोघींनी विरुद्ध दिशेला पीळ द्यायचा. पीळ घट्ट होत जातो तशा दोघी नकळत एकमेकींकडे ओढल्या जातात. मागे रेलायचं, टाच रोवायची, कंबरेतून जोर काढायचा, आणि एकीनं हात सोडला तर दुसरी पडणार. हे आम्ही एका आजींच्या अंगणात खरोखर करून शिकलो. त्यांनी आधी आमचं धरणं दुरुस्त केलं: ‘मनगटानं नको, पोटानं धर.’ त्या एका वाक्यावर नृत्यातलं आमचं सगळं पायकाम बदललं.

असा कामांचा साठा तयार करा: पोती खांद्यावरून माळ्यावर चढवणं, जनावराचं दावं सोडणं, भिंतीवरची पाण्याची खूण पुसणं, भिजलेल्या वह्यांची पानं एकेक सुटी करणं, रांगेत उभं राहणं. पंचनामा होताना दारात उभं राहणं हेसुद्धा काम आहे, आणि फार अवघड आहे. प्रत्येक काम आधी खऱ्या वेगानं करा, मग निम्म्या वेगानं, मग वस्तूशिवाय. वस्तू गेल्यावरही शरीराला तिचं वजन आठवत असेल तर ती हालचाल ठेवा.

भरतनाट्यम, कथक किंवा लावणी शिकलेल्यांना एक विनंती. तुमचं अंग तयार आहे हे मोठं भांडवल आहे, फक्त हस्तमुद्रांनी पूर ‘सांगू’ नका. आणि न नाचणाऱ्यांना गटात नक्की घ्या. आमच्यातला सगळ्यात ताकदीचा कलाकार ट्रॅक्टर चालवणारा मुलगा होता. त्याचं नुसतं उभं राहणं लोक बघत राहायचे.

५. प्रेक्षकाचा सहभाग कुठे आणि किती, हे ठरवा

इथे सगळ्यात जास्त डोकं लावा. सहभागाच्या तीन पातळ्या असतात: जागा बदलणं, वस्तू हाताळणं आणि निर्णय घेणं. याच क्रमानं जा. पहिल्या पाच मिनिटांत अनोळखी माणसाच्या हातात काही दिलं तर तो आक्रसतो. आधी त्याला नुसतं चालू द्या.

*जागा बदलणं.* भिंतीवर खडूनं फूट लिहा. निवेदक पातळी सांगेल तसे प्रेक्षक खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. वापरायला उरलेली जागा कमी होत जाते आणि माणसं दाटीवाटीनं उभी राहतात. एवढ्यानंही खूप होतं. मग कुणी आपली पिशवी उचलून घेतं, कुणी अनोळखी म्हाताऱ्याला पुढे घेतं.

*वस्तू हाताळणं.* वाकळेच्या प्रसंगात आमची एक नर्तकी ओल्या वाकळेचं एक टोक धरून उभी राहायची. दुसरं टोक जमिनीवर, प्रेक्षकांच्या पायाशी. ती कुणाकडे बघायची नाही आणि कुणाला बोलवायची नाही. नुसती थांबायची. कधी लगेच कुणीतरी वाकायचं, कधी बराच वेळ काहीच घडायचं नाही. कुणीच आलं नाही तर ती एकटीनं वाकळ पिळायचा प्रयत्न करायची. ती पिळली जायची नाही आणि प्रसंग तसाच पुढे जायचा. हा ‘न येण्याचा’ शेवटही बसवून ठेवलेला हवा. तो बसवलेला नसेल तर कलाकार घाबरून प्रेक्षकाला डोळ्यांनी खुणावतो, आणि मग ती विनंती होते, निर्णय राहत नाही.

*निर्णय घेणं.* पुराच्या रात्री अनेक घरांत एकच प्रश्न होता: जनावरांचं काय? बोटीत ती मावत नाहीत. बांधून ठेवली तर बुडतील, सोडली तर कुठे जातील माहीत नाही. आम्ही प्रेक्षकांच्या छोट्या गटाला एकेक गाठ मारलेलं दावं द्यायचो. हलगी वाजायला लागली की ती थांबेपर्यंत गाठ सोडायची की तशीच ठेवायची, हे गटानं ठरवायचं. माणसं कुजबुजतात, भांडतात, एखादा गाठ सोडायला घेतो आणि दुसरा त्याचा हात धरतो. हलगी थांबली की ज्यांची गाठ सुटली त्यांच्यासमोर एक रचना होते, ज्यांची राहिली त्यांच्यासमोर दुसरी. कुठलीही रचना बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. हे तोलून बघा. एका निर्णयाला सुंदर नाच आणि दुसऱ्याला भेसूर नाच दिलात तर तुम्ही परीक्षा घेतली असं होतं.

सहभागाचे काही नियम कागदावर लिहून भिंतीला लावा:

- प्रेक्षकाला कलाकार आधी हात लावणार नाही. हात पुढे करेल आणि थांबेल.
- नकाराची एक सोपी खूण सुरुवातीलाच द्यायची. आम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधायला सांगायचो. हात मागे असलेल्या माणसाकडे कुणी जायचं नाही.
- कुणाला एकट्याला मध्ये उभं करायचं नाही.
- काळोख पूर्ण करायचा नाही आणि दार बाहेरून लावायचं नाही, एका क्षणासाठीसुद्धा.
- साधारण आठ प्रेक्षकांमागे एक सोबती. तो नाचत नाही. चेहरे बघतो, पाणी देतो, बाहेर जायचं असेल त्याच्याबरोबर जातो.

सोबत्याचं काम दुय्यम समजून कुणालाही देऊ नका. गटातला सगळ्यात शांत आणि चौकस माणूस तिथे हवा.

६. जागा

तीस-चाळीस प्रेक्षकांच्या पुढे जाऊ नका. नेहमीचं नाट्यगृह याला उपयोगाचं नाही, खुर्च्या जमिनीला पक्क्या असतात. शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, रिकामं गोदाम, बाजार समितीची शेड बघा. आमच्या भागात शाळा आणि मंगल कार्यालयं हीच पुरातली निवारा केंद्रं होती, त्यामुळे जागेलाच स्मृती असते. ही ताकद आहे आणि धोकाही. ज्या हॉलमध्ये माणसं सतरंज्यांवर राहिली, तिथेच त्यांना पुन्हा सतरंजीवर बसवण्याआधी त्यांना विचारा. काहींना हवं असतं, काहींना पाय ठेवायचा नसतो.

निघायच्या वाटा दोन हव्यातच. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू होती. त्या रात्रीनंतर आमच्याकडच्या कुठल्याही नाटकवाल्याला वायरिंगबद्दल वेगळं समजवावं लागत नाही. इलेक्ट्रिशियनकडून लोड तपासून घ्या, अग्निशामक सिलिंडरवरची तारीख स्वतः वाचा, आणि कापडाजवळ उघडी ज्योत ठेवू नका. पणतीचा मोह होतो. टॉर्चवर भागवा.

खरं पाणी जमिनीवर ओतू नका. विजेचा धोका आहे आणि नर्तक घसरून गुडघा फोडून घेतात. ओली वाकळ पुरते. तिच्याखाली ताडपत्री आणि गोणपाट, आणि प्रसंग झाल्या झाल्या फडकं मारायला माणूस.

७. कागदपत्रं

धावपळ टाळायची तर प्रयोगाच्या दोन महिने आधी सुरुवात करा.

- महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. सहभागी प्रयोगात सगळे संवाद ठरलेले नसतात, म्हणून लोक संहिताच देत नाहीत आणि अडकतात. ठरलेलं निवेदन पूर्ण लिहा. सहभागाच्या जागी काय विचारलं जाईल, प्रेक्षक काय करू शकतो आणि प्रत्येक शक्यतेत कलाकार काय करतील, हे पायरीपायरीनं मांडा. यानं तुमचंही डोकं साफ होतं.
- स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी. अर्जात प्रेक्षकसंख्या, वेळ, ध्वनिक्षेपक आहे की नाही हे लिहा. उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री दहाच्या आत संपवायचं.
- जागामालकाचं लेखी पत्र. शाळा असेल तर मुख्याध्यापकांबरोबर संस्थेचंही, मैदान असेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचं.
- अनुभव सांगणाऱ्यांची संमतिपत्रं, एका फाइलमध्ये.
- रेकॉर्डेड गाणं वापरणार असाल तर त्याचा परवाना. हलगी, टाळ आणि माणसाचा आवाज यांवर भागवलंत तर ही पायरीच वाचते. माझं मत विचाराल तर प्रयोगही चांगला होतो.
- अठरा वर्षांखालचे कलाकार असतील तर पालकांचं पत्र.
- तिकीट लावणार असाल तर हिशेबाची वही आणि बँक खातं तुमच्या गटाच्या नावानं. नाटक-नृत्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्याला जीएसटीत सूट आहे. तरीही छापण्याआधी चालू नियम सीएला विचारा.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ यावर परत फिरू नका.

८. सामान

जुन्या वाकळा (नव्या चालत नाहीत, त्यांना वजन नसतं), काथ्याचे दोर, खडू, मोजपट्टी, ताडपत्री, गोणपाट, बादल्या, टॉर्च आणि जास्तीचे सेल, प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी, चार-सहा खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांसाठी. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकालाही सहभाग घेता येईल अशी जागा खुर्चीला ठरवून द्या. कोपऱ्यात टाकू नका.

दोर वापरण्याआधी हातावरून फिरवून बघा. नवा काथ्या सोलून काढतो.

९. तालमीला परकी माणसं बोलवा

बसवताना कलाकारच एकमेकांचे प्रेक्षक होतात आणि सगळं छान चालतं, कारण सगळ्यांना काय करायचं ते माहीत असतं. खरं काय ते परका माणूस आल्यावर कळतं. शेजारची मंडळी, रिक्षावाले काका, कॉलेजातली नाटकाशी संबंध नसलेली पोरं, असे पाच-सात जण बोलवा आणि त्यांना काहीही समजावून न सांगता आत सोडा. कुठे थबकतात, कुठे हसतात, कुठे मोबाइल काढतात, हे सोबत्यांनी टिपायचं. हसू आलं तर घाबरू नका. ओशाळलेला माणूस हसतो. पण त्याच जागी प्रत्येक जण हसत असेल तर सूचना स्पष्ट नाही असं समजा.

अनुभव सांगणाऱ्यांसाठी एक तालीम वेगळी ठेवा. त्यांना काढायचं ते काढू द्या. त्यांनी एखादी हालचाल सुधारली तर तिथेच उभं राहून ती शिकून घ्या.

आणि तारीख ठरवताना जुलै-ऑगस्ट टाळा. पूरपट्ट्यातली माणसं तेव्हा दिवसातून चारदा पाणीपातळी बघत असतात. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातल्या लोकांनी तेव्हा सामान बांधायला घेतलेलं असतं. हिवाळा उत्तम. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत नाटक केलं, त्यामुळे त्या आठवड्यात गावात नाटकाचं वारं असतं आणि हॉल-परवानग्याही सोप्या जातात.

१०. प्रयोगाच्या दिवशी

दारातच, आत सोडण्याआधी, सोबत्यानं हे सांगायचं. आम्ही जवळपास याच शब्दांत सांगायचो:

‘हा प्रयोग २०१९च्या महापुरावर आहे. आत तुम्हाला चालावं लागेल. काही वस्तू हातात घ्याव्याशा वाटतील, घ्या. नको वाटलं तर हात मागे बांधा, कुणी तुमच्याकडे येणार नाही. कधीही बाहेर पडता येईल आणि परत आतही येता येईल. आत बोटीचा किंवा पावसाचा आवाज नाही. हलगी वाजेल, ती जोरात असेल. मोबाइल बंद ठेवा, फोटो काढू नका. तुमच्या शेजारचा माणूस कदाचित त्या पाण्यातून आलेला असेल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यानं लोकांचं वागणं बदलतं.

उशिरा आलेल्यांना मधेच आत घेऊ नका. मंत्री, नगरसेवक, प्रायोजक आले तरी त्यांना वेगळी खुर्ची नाही आणि सत्कार नाही. सत्कार करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, दुसरीकडे. दारात हार-तुरे झाले की आतलं वातावरण पुन्हा जमवता येत नाही.

११. प्रयोग संपल्यावर

दिवे लावून ‘आता तुम्हाला कसं वाटलं ते सांगा’ म्हणत माइक फिरवू नका. नवख्या गटांकडून हे हमखास होतं. ज्याच्या आत खरंच काही हललंय त्याला लगेच बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येतं तो भाषण करतो. चहा ठेवा. वाकळा वाळत घालायच्या असतात, दोर गुंडाळायचे असतात, खडूच्या खुणा पुसायच्या असतात. ते काम उघड्यावर करत राहा. माणसं आपोआप हात लावतात आणि काम करता करता बोलतात. एका काकांनी भिंतीवरची ५७ फुटांची खूण पुसू दिली नाही. ‘राहू दे आजची रात्र,’ म्हणाले. मग त्यांच्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते सांगत बसले. आम्ही काही विचारलं नव्हतं.

कुणी रडत असेल तर भोवती गर्दी करायची नाही. एक सोबती शेजारी बसेल, बस्स. त्रास जास्त वाटला किंवा घरी गेल्यावरही राहिला तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक दाराजवळ मोठ्या अक्षरात लावा. तुमच्या ओळखीच्या समुपदेशकाला निदान पहिल्या प्रयोगाला हजर राहायची विनंती करा.

कलाकारांचंही बघा. रोज तेच पाणी अंगावर घेणाऱ्या मुलांना प्रयोगानंतर एकत्र जेवायला घाला आणि पुराचा विषय काढू नका. लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त प्रयोग लावू नका.

पैसे उरले तर त्यातला वाटा ज्यांनी अनुभव दिले त्यांच्यापर्यंत जायला हवा. कसा, ते त्यांनाच विचारा. एका ठिकाणी शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकं घ्यायची असं ठरलं, कारण तिथली सगळी पुस्तकं भिजली होती.

१२. दुसऱ्या गावी नेताना

आमंत्रणं येतात. पुण्या-मुंबईत प्रयोग करताना आयर्विनचे आकडे लोकांना पाठ नसतात, त्यामुळे पातळी नुसती सांगून भागत नाही. तिथे सुरुवातीला नदीकाठच्या माणसाचा दोन मिनिटांचा आवाज ठेवा. भिंतीवर ४० आणि ४५च्या खुणा आधीच ठळक करा, म्हणजे पुढचा प्रत्येक फूट कळतो.

दुसऱ्या पूरग्रस्त गावी जायचं असेल तर गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तिथल्या माणसांसमोर सांगलीचा प्रयोग जसाच्या तसा उभा करू नका. तिथे रात्र वेगळी होती, बाजारपेठ वेगळी, उचलायच्या वस्तू वेगळ्या. रचनेचा सांगाडा आणि सहभागाचे नियम बरोबर न्या, आणि निदान आठवडाभर आधी जाऊन दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. गटातले निम्मे कलाकार तिथलेच घ्या. वाकळ तिथे चालेल की नाही, हे तिथली माणसं सांगतील.